मैल्याची टाकी कुणाच्या जागेत?

परदेशात, मलिंगार गावी, माझा पोरगा कर्ज काढून घर घेत होता. मी चौथी शिकलेला, मला कोण विचारतंय! विकणाऱ्या एजंटानंच त्याला वकील सुचवला होता. वा रे वा, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी हटून बसलो, तेव्हा चिडून तो दुसऱ्या वकीलबाईकडे गेला. मीही गेलो.

बाई साठीची, स्वेटर कोपरावर विरलेला. नकाशावर पट्टी ठेवून सावकाश वाचत होती. समोरचा चहा गार झाला तरी तिचं लक्ष नाही.

"मैल्याची टाकी कुठंय?" तिनं विचारलं. पोरगा मला मराठीत सांगत होता.

"मागच्या हिरवळीत."

"ती हिरवळ शेजाऱ्याची आहे. त्याची लेखी परवानगी आणा, नाहीतर बँक पैसे सोडणार नाही."

"एजंटाचा वकील लगेच करून देतोय," पोरगा कुरकुरला.

"मग त्याच्याकडे जा. मी चुकीचं घर घेऊ न देण्याचे पैसे घेते."

शेजारी नाही म्हणाला. घर दुसऱ्यानं रोखीनं घेतलं, टाकीच्या भांडणासकट. आमचे चिरंजीव आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी दुसऱ्या घराचा नकाशा घेऊन आले.

"अप्पा, बाईंकडे येता का?"

मी कपडे करूनच बसलो होतो.