अत्तेंनी बसून बघितलेली जागा

अत्ते माझ्याशी शेवटचं बोलल्या ते कोंबड्यांबद्दल. देवाचं नाव नाही, नातवंडांची चौकशी नाही, कोंबड्या. त्यांना जाऊन सात आठवडे झाले, आणि ते बोलणं मी चुकीचं ऐकलं हे कळून तीन. मधले चार आठवडे मी शांतपणे जेवत होते, शाळेत जात होते, भेटायला येणाऱ्यांना कॉफी करून देत होते, याचा मला आता राग येतो.

अत्ते म्हणजे माझ्या सासूबाई. मी साताऱ्याची. लग्न होऊन मैसूरला आले तेव्हा इथं सासूला अत्ते म्हणायचं, हे पहिलं शिकले. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं, किती पिढ्यांपूर्वी इकडं आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. रंगाचा धंदा केव्हाच संपला, माझा नवरा सुहास कचेरीत नोकरी करतो. पण नजरबादच्या आमच्या घराच्या परसात कापड धुवायचा दगडी कट्टा अजून आहे आणि घरातलं मराठीही टिकून आहे. ते मराठी अर्धं कन्नड. अत्ते एका वाक्यात दोनदा इकडून तिकडं जायच्या आणि आपण कुठं काय ओलांडलं याचा त्यांना पत्ताही नसायचा. मी पहिली दोन वर्षं चुका दुरुस्त करत बसले, मग दमले.

यंदा त्यांनी मनावर घेतलं की परसात कोंबड्या पाळायच्या. हुणसूरला त्यांची बहीण असते, तिच्याकडच्या गावठी. खुराड्याला त्या गूडु म्हणायच्या. सुताराला सांगायच्या आधी गूडुची जागा ठरवायची, आणि जागा ठरवायची त्यांची रीत अशी की स्वतः तिथं बसून बघायचं. बुटकं स्टूल घेऊन आठवडाभर त्या परसात हिंडत होत्या. सकाळी शेवग्याखाली, दुपारी न्हाणीघराच्या मागं, संध्याकाळी परत शेवग्याखाली... शाळेतून आले की आज सासूबाई कुठं सापडतात ते बघायचं. एकदा म्हटलं, "अत्ते, हे काय चालवलंय तुम्ही?"

"सुम्मने र्‍हा ग. मला बसवत नाही तिथं कोळी कशी बसंल?"

कोळी म्हणजे कोंबडी. सुम्मने र्‍हा म्हणजे गप्प बस. शेवग्याखाली दुपारनंतर ऊन तोंडावर येतं म्हणून ती जागा बाद झाली. न्हाणीघरामागं मुंगूस फिरतं. मला स्वतःला भिंतीकडचा कोपरा पसंत होता, लांब आणि नजरेआड. तिथं त्या जेमतेम दहा मिनिटं बसल्या, तळव्यानं माती चाचपली आणि "बेडा, नको, इथं पाणी येतंय," म्हणून उठल्या. शेवटी कट्टा ठरला. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, जमिनीपासून हातभर उंच. आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी लागून! मी म्हटलं, वास येईल. त्या म्हणाल्या, "अय्यो, येणारच की. जित्या जिवाला वास असतोय, अल्वा?" त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. दोन दिवस आमचा अबोला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. आठवड्यानं एखाद-दुसरा शब्द फुटायला लागला, तोही जड, ओला, निम्मा गिळलेला. इकडं सुतार गूडु घेऊन दारात उभा राहिला आणि "कुठं ठेवू?" म्हणाला. मी कोपरा दाखवला. घाई होती, असं सुहासला सांगितलं. खरं म्हणजे कसली घाई? अत्ते घरी नव्हत्या, अडवणारं कुणी नव्हतं, बस्स. दोन दिवसांनी त्यांची बहीण भेटायला आली ती सहा कोंबड्या टोपलीत घालूनच. त्या गूडुत नांदायलाही लागल्या.

त्या संध्याकाळी हॉस्पिटलात सुहास पलंगाच्या पायाशी उभा होता. अत्तेंना बरं वाटावं म्हणून मी आनंदाची बातमी दिली. "अत्ते, गूडु आलं. कोपऱ्यात ठेवलंय. सहा कोंबड्या आल्या." त्यांनी डोळे मोठे केले. डावा हात उचलला. "कोळी..." म्हणाल्या. मग बराच वेळ ओठ जुळवत राहिल्या. "मेले... मेले."

मी त्यांचा हात धरला. "नाही हो अत्ते, कुणी मेलं नाही. सगळ्या छान आहेत. एकसुद्धा मेली नाही." त्यांनी मान हलवली. परत तेच म्हणाल्या, परत मी तेच समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. मग त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी गेल्या. पुढं मी लोकांना सांगायची, शेवटी त्यांना मरणाचेच भास होत होते. लोक हळहळायचे.

चार आठवड्यांनी पाऊस झाला. दोन दिवस लागून राहिला. सकाळी वरुणा गावाहून दूध घेऊन गौरम्मा आली, तेव्हा मी गुडघे दुमडून कोपऱ्यातल्या चिखलातून कोंबड्या बाहेर काढत होते. गूडुत घोटाभर पाणी. पाच निघाल्या, सहावी कडेला बुडून पडली होती. मी शाळेत भूगोल शिकवते. उतार कुठं, निचरा कुठं, हे दरवर्षी फळ्यावर काढते. गौरम्मानं कॅन खाली ठेवला, कट्ट्याकडे हात केला आणि सहज म्हणाली, "मेले इडी, अक्का. मेले."

वर ठेवा. एवढंच म्हणाली ती. कन्नडात मेले म्हणजे वर.

मी चिखलातच बसले. तो शब्द मला येत नव्हता असं असतं तर बरं झालं असतं. अकरा वर्षं मी तो रोज ऐकलाय. अत्तेंच्या तोंडी 'वर' हा शब्दच नव्हता. डबा मेले ठेव, पंखा मेले बघ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं मामंजी कुठं आहेत विचारलं, आणि अत्ते आतून "मेले" म्हणाल्या, तेव्हा मी नव्या साडीत हंबरडा फोडला होता. मामंजी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. ही गोष्ट अत्तेंनी येईल त्याला हसून हसून सांगितली, मला समोर बसवून. मी तो शब्द विसरणं शक्यच नव्हतं. पण त्या खोलीत मरण माझ्या डोक्यात होतं, म्हणून मला तेच ऐकू आलं.

सुहासला सांगितलं. तो म्हणाला, "मला वरच ऐकू आलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, वर निघाले म्हणतीय. देवाकडं." तो रडायला लागला. "म्हणून मी पायाला हात लावला तिच्या."

म्हणजे एकानं मराठीत ऐकलं, एकानं कन्नडात, आणि दोघांनीही त्यांना मारूनच टाकलं होतं. त्या मात्र सहा कोंबड्या कोरड्या कशा राहतील ते सांगत होत्या, आणि तेवढं सांगायला त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते.

दुपारी आम्ही दोघांनी गूडु उचलून कट्ट्यावर ठेवलं. सुहास आत गेला. मी तिथंच उभी राहून म्हटलं, "अत्ते, वर ठेवलं." ते खोटं वाटलं, परक्या बाईशी बोलल्यासारखं. मग म्हटलं, "अत्ते, मेले ठेवलं."

अजून रोज संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की म्हणते. आणि म्हटल्यावर थोडा वेळ थांबते... त्या "हं" म्हणतील म्हणून.