किनाऱ्याचा रस्ता

बाबा न्हावी होते. सलून एक दिवस जरी बंद राहिलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तरी दरवर्षी ते आम्हाला समुद्रावर न्यायचे. परतताना मात्र घाईघाईने हायवे धरायचे. आई म्हणायची, "एकदा तरी किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ या." "पुढच्या वर्षी नक्की," म्हणत बाबा वेळ मारून न्यायचे.

यंदा बाबा गेले. ताईने हट्टाने आईला आणि मला समुद्रावर नेलं आणि परतताना गाडी त्याच वळणावळणाच्या रस्त्याला घातली. कड्यापाशी थांबून ती म्हणाली, "आई, उतर ना. केवढा समुद्र दिसतोय बघ!"

आई जागची हलली नाही. "तुम्ही बघा. मला एकटीला नाही बघवत."

ताईने गाडी वळवली आणि हायवे धरला.