शेजारणीची हळद

डाळीच्या पिठात लिंबू पिळलं की त्या वासानं मला हॉलंडच्या झूटरमेर गावातली आमची डच शेजारीण आठवते. वीसेक वर्षं झाली. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती दारात आली, तेव्हा तिचे तळवे, कोपरं, गुडघे पिवळेजर्द दिसत होते. "अय्या, तुमच्यातही नवरीला हळद लावतात?" मी मोडक्या डचमध्ये कौतुकानं विचारलं, आणि ती रडायलाच लागली. ऊन खाल्ल्यासारखं सावळं दिसावं म्हणून तिनं बाटलीतला रंग अंगाला चोळला होता, आणि जिथं कातडी कोरडी तिथं तो जास्तच मुरला होता. मी तिला बाथरूममध्ये बसवलं आणि दही, लिंबू, डाळीचं पीठ कालवून तासभर हलक्या हातानं चोळत राहिले. डाग बरेच फिकटले. मग कोपरांना, गुडघ्यांना आधी क्रीम लावून त्याच रंगाचा एक पातळ हात फिरवला. संध्याकाळी तिनं आपला हात माझ्या हाताला लावून पाहिला आणि हसून म्हणाली, "अगदी तुझ्यासारखा हवा होता." मी उजळावं म्हणून याच पिठानं आईनं मला दर रविवारी घासलं होतं. आता माझी लेक माझ्याच रंगाची आहे, आणि आमच्या घरात डाळीच्या पिठाची फक्त भजी होतात.