लेकीच्या घरचं पाणी

पाण्याचा पेला पुढे केला की मामा त्यावर तळहात आडवा धरायचे. "नगं बाई. लेकीच्या घरचं पाणी न्हाई चालत."

आम्ही सगळे हसायचो. कारण हे लेकीचं घर म्हणजे जालन्यात मस्तगडजवळ, भाड्याच्या इमारतीत चालणारं आमचं अपंग मुलामुलींचं केंद्र. मुलं-मुली तिथंच राहायची. मुलगे वेताच्या खुर्च्या विणायला शिकायचे, मुली शिवण. शिवण मी शिकवायचे. आम्ही सगळे ज्यांना मामा म्हणायचो, त्यांची थोरली लेक सुमन माझ्या वर्गात होती. पोलिओनं एक पाय गेलेला, पण हातमशीनवर बाही अशी बसवायची की मला कधी उसवायला सांगावं लागलं नाही.

मामा अंबडकडच्या खेड्यातले शेतकरी. एसटीनं उन्हातान्हाचे यायचे, घसा कोरडा पडलेला, तरी पाणी नाही. "मामा, हे काय तिचं सासर आहे का?" मी चिडवायचे. ते ओशाळं हसायचे आणि लेकीला घेऊन मागच्या अंगणात बसायचे. रस्त्याच्या बाजूला कधीच नाही. असे बाप तुम्हीही पाहिले असतील, आपल्याच लेकराला भेटायला चोरासारखे येणारे.

दिवाळीला बाकीची मुलं घरी जायची, सुमन राहायची. मामा फराळाचा डबा आणून द्यायचे आणि म्हणायचे, "पुढल्या साली नेतो." दोन दिवाळ्या अशाच गेल्या. सुमन आम्हा शिक्षकांना फराळ वाटायची आणि स्वतः एक करंजी घेऊन खिडकीत बसायची.

मग एक दिवस त्यांच्याच गावची एक बाई आपल्या मुक्या मुलासाठी चौकशी करायला आली. वर्गाच्या दारातच थबकली.

"अगं सुमे, तू इथं? तुझं तं लगीन झाल्तं ना जालन्यात? दुष्काळात गुपचूप उरकलं म्हणून तुझा बाप सांगत होता."

मशीनची मूठ थांबली. सुमननं मान वर केली नाही. "व्हय," एवढंच म्हणाली आणि पुन्हा मूठ फिरवू लागली. कापड सुईखाली गोळा झालं होतं, तरी फिरवत राहिली.

पुढच्या खेपेला मामा आले तेव्हा पेला सुमननंच पुढे केला. एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात हिंदकळणारं पाणी. मामांचा तळहात सवयीनं आडवा आला.

"प्या आबा. माझं लगीन न्हाई झालेलं."

हात तसाच राहिला. मामा बोलू लागले ते माझ्याकडे बघून. लेकीकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

"लोक म्हणले असते, पांगळी पोर आश्रमात टाकली. मंग धाकटीला कोण करून घेईल? म्हणून बोलून गेलो, बाई. एकदा बोललो, मंग तसंच वागत राह्यलो. इथलं पाणीबी सोडलं. वाटलं, तेवढंच जरासं खरं व्हईल."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. इतके दिवस आपण कशाला हसत होतो ते कळलं आणि माझीही मान खाली गेली.

"मंग मी घरी कशी येऊ?" सुमननं विचारलं. "नवरा कुठून आणू?"

मामा पाणी न पिताच गेले. नंतर कित्येक महिने फिरकलेच नाहीत. फाटक वाजलं की सुमनच्या मशीनची मूठ थांबायची.

पुन्हा दिवाळी आली. केंद्र रिकामं झालं. एका दुपारी मामा दारात उभे, आणि हात मोकळे. सुमननं आधी हातांकडेच पाहिलं. मला रागच आला. निदान फराळ तरी आणायचा!

मामांनी घसा खाकरला. "बाई, पाणी द्या."

मी पेला भरून दिला. घटाघटा प्यायले. "आणखी द्या." तोही रिकामा केला.

"फराळ घरी हाय," ते सुमनला म्हणाले. "चल."

"आन् गावात?"

"पारावर बसून समद्यांना सांगितलं. खोटं बोललो म्हणून."

"मंग धाकटीचं?"

"जमत आल्तं, मोडलं." मामा खाली बघत होते. "लई रडली. मंग तीच म्हणली, ताईला आणा."

त्यांनी सुमनची पिशवी खांद्याला अडकवली. मी फाटकापर्यंत गेले. दिवाळीचा भर बाजार होता, लोक कुबडीकडे वळून बघत होते. मामांची मान खालीच होती, पण ते समोरच्या रस्त्यानं, लेकीच्या बरोबरीनं, तिच्या चालीनं चालले होते.