दोन्ही हातांनी

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या बागेत रोज सकाळी भेटणारे हे मराठी गृहस्थ नोकरीसाठी पंधरा वर्षं जपानच्या क्युशू बेटावर राहून आलेत. काहीही देता-घेताना दोन्ही हात पुढे करून वाकतात. मी मूठभर शेंगदाणे दिले तरी तसंच.

"अहो, प्रसाद नाही तो!"

"सवय हो. आमच्या क्युशूत व्हिजिटिंग कार्डसुद्धा असंच घ्यायचं. न वाचता खिशात टाकलं की समोरचा दुखावला आणि सौदा बुडाला."

मग गरम वाळूत मानेपर्यंत पुरून घ्यायची अंघोळ, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी ज्वालामुखीची राख, सगळं पुन्हा सांगतात. मी म्हणतो, "मग तिथंच राहायचं होतं!" ते हसतात.

मी चौथी शिकलेला. इंग्रजी बसच्या पाटीपुरतं. हे मी कुणाला सांगत नाही, घरी नातीलाही पत्र वाचायला देत नाही. परवा हॉस्पिटलचं पत्र आलं, ते दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. बाकावर बसून नुसता बघत होतो, तर यांचे दोन्ही हात पुढे आले.

"आमच्या क्युशूत रीत आहे, आलेलं पत्र शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. इथं मला कुणी देतच नाही."

मी दिलं. त्यांनी सावकाश मराठीत सांगितलं. डोळ्याचं ऑपरेशन, मंगळवारी, उपाशीपोटी.

अशी रीत कुठंच नसणार, हे मला तिथंच कळलं.

आज दुसरं पत्र आलं. ते मी त्यांना दोन्ही हातांनी दिलं, आणि थोडा वाकलोही. मी सहसा कुणापुढं वाकत नाही.