उडवून दाखवू का?

दुर्बिणीची चामडी पिशवी उघडली की अजून गाळाचा वास येतो आणि करमाडजवळच्या तलावावरची ती थंडीतली सकाळ आठवून माझं डोकं फिरतं. रोहित पक्ष्यांचे लाल पंख बघायचेच, या हट्टानं मी उजाडताच तिथं पोचलो होतो आणि दोन तास गुडघाभर गाळातून, शिंकसुद्धा दाबत, पुढं सरकत होतो. पक्षी जवळून दिसले खरे, पण बगळ्यांसारखे पांढरेच. तेवढ्यात म्हशी घेऊन आलेले एक म्हातारबा काठावरनं ओरडले, "सर, उडवून दाखवू का?" मी 'नको' म्हणायला वळेपर्यंत त्यांनी ढेकूळ भिरकावलंसुद्धा. मी तिथूनच त्यांच्यावर तुटून पडलो, "मामा, काही अक्कल? दोन तासांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंत!" ते माझ्या डोक्यावरून आभाळाकडं बघत हसले. "आवं, लाल रंग पंखाखाली आसतो. उडल्याबिगर दिसत नाय. मागं बघा की!" मी वळलो तेव्हा थव्याचे नुसते ठिपके उरले होते. त्यानंतर कित्येक हिवाळे त्या काठावर ताटकळलो. रोहित पुन्हा उतरले नाहीत. आता कुणी विचारलं, रोहित पाहिलेत का, तर मी हो म्हणतो. रंग विचारला, की विषय बदलतो.