सर जे बोललेच नाहीत

कबुलीजबाब म्हटलं की तुम्ही जरा पुढे सरकून बसणार, ठाऊक आहे मला. पोरगं कलकत्त्याला शिकायला गेलेलं, म्हणजे भानगड एक तर पोरीची असणार, नाही तर परीक्षेची. तर आधीच सांगतो — पोरगी आहे. पण तशी नाही. आणि परीक्षेत मी एकदा पुढच्याचं बघून लिहिलंय. पण त्याचंच उत्तर चुकलेलं होतं, तेव्हा ते पाप तिथल्या तिथे फिटलं असं मी धरून चालतो.

आजचं निराळं आहे. हे मी एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. त्या माणसाला सांगितलं तेही — जाऊ दे, येईलच ते.

मी मूळचा आकोटचा. शाळेत मला दोनच गोष्टी धड यायच्या, विहिरीत उडी मारणं आणि मास्तरांच्या नकला करणं. मामा रेल्वेच्या हिशेब कचेरीत कलकत्त्याला होते, म्हणून मी पुढच्या शिक्षणाला तिकडे गेलो. मग मामांची बदली झाली आणि जाताना ते मला करंबेळकर सरांच्या हवाली करून गेले. राहायचं मेसमध्ये, रविवारी जेवायचं सरांकडे.

सर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तळ्यातलं शेवाळं हा त्यांचा विषय. घराणं पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्यात; बाहेर बंगाली नाही तर इंग्रजी, घरात बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, मात्र चोख मराठी. तीही मोजकीच. सरांनी कुणाला चांगलं म्हटलेलं त्यांच्या भिंतीवरच्या पालीनेसुद्धा ऐकलेलं नव्हतं. शिफारस मागायला गेलात तर 'वर्गात नियमित येत असे' एवढं लिहून द्यायचे. आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर पोरांना नोकऱ्या मिळायच्या. करंबेळकर 'नियमित' म्हणतात म्हणजे पोरगा नियमित असणारच, हे अख्ख्या शहराला माहीत होतं.

असा माणूस नक्कल करायला किती सोपा, सांगा बरं? आधी तीनदा घसा खाकरायचा. मग छताकडे बघायचं. मग अर्धं वाक्य. रोज दुपारी चहाच्या दुकानात माझे सर हजर असायचे, आणि खऱ्या सरांपेक्षा त्यांना गर्दी जास्त.

तिथल्या एका इंग्रजी पेपरात दर आठवड्याला विद्यापीठाचं सदर यायचं. कुठले प्रोफेसर कुठे भाषण देऊन आले, कुठला जुना विद्यार्थी कुठे मोठा साहेब झाला, कुणाला परदेशची शिष्यवृत्ती — आणि शेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो. सगळा विभाग आधी ते सदर वाचायचा, मग जगाचं काय चाललंय ते. सर सोडून. सर म्हणायचे, 'पेपरात नाव यायला माणूस मेला तरी पाहिजे, नाही तर घसरला तरी पाहिजे.'

आता ती पोरगी. नीलिमादी. दी म्हणजे ताई. आमच्या पुढची होती म्हणून सगळे तसंच म्हणायचे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेलं घर. वडील तिकडे शाळामास्तर होते, इकडे निर्वासितांच्या वस्तीत बांबूच्या भिंती उभ्या करून राहत होते. नीलिमादी सरांबरोबर हावड्यापलीकडच्या तळ्यांत साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरायची आणि बाटल्या भरभरून शेवाळं आणायची. सर बाटली उजेडाकडे धरून म्हणायचे, 'ठीक.' वर्षानुवर्षं — ठीक.

तिला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली. आणि घोडं अडलं वडिलांपाशी. बिनलग्नाची मुलगी, एकटी, इतक्या लांब. ते म्हणाले, तिच्या सरांनी सांगावं की ही त्या तोलाची आहे, मी नाही म्हणणार नाही. म्हातारा सरांच्या घरी येऊन विचारून गेला. सर काय म्हणाले असतील? 'कामात नियमित आहे.' सरांना वाटलं, केवढी स्तुती केली! म्हातारा मान खाली घालून परत गेला.

हे सगळं मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा — ठाऊक होतं.

त्या दुपारी विभागाच्या कचेरीत मी आणि तपन, माझा वर्गातला दोस्त, दोघेच होतो. हेडक्लार्क चहाला गेलेले. टेबलावरचा फोन वाजला. तपन म्हणाला, 'उचल की, घाबरतोस?' उचलला. पेपरातला कुणी तरी बातमीदार. डॉक्टर करंबेळकर आहेत का? त्यांच्या विद्यार्थिनीबद्दल दोन शब्द हवे होते, सदरासाठी.

मी तीनदा घसा खाकरला.

तपनने तोंडात रुमाल कोंबला. आणि मी — छताकडे बघत, सरांच्या इंग्रजीत, सरांच्या आवाजात — बोललो. 'मी शिकवलं पुष्कळांना. विद्यार्थी मात्र एकच मिळाला, तो म्हणजे ही मुलगी. असामान्य. तेजस्वी.' बातमीदाराने पुन्हा सांगायला लावलं, मी पुन्हा सांगितलं.

तुम्हाला वाटेल, पोरीचं भलं व्हावं म्हणून केलं. मलाही पुढे तसं वाटून घ्यायला फार आवडलं असतं. पण खरं सांगू? मला फक्त हसं करायचं होतं. करंबेळकरांच्या तोंडून साखर सांडलेली छापून येईल आणि सगळा विभाग गडाबडा लोळेल — एवढंच डोक्यात होतं. तिच्या वडिलांची आठवणसुद्धा झाली नाही.

छापून आलं. आणि कुणी हसलंच नाही.

सगळ्यांनी खरं मानलं. का नाही मानणार? त्या माणसाने कधी उगाच शब्द वापरला होता? पोरं गप्पगप्प फिरत होती. 'एकच विद्यार्थी' म्हणजे आपण कोण, हा हिशेब जो तो मनात करत होता. तपन मला जिन्यात गाठून म्हणाला, 'मी तिथे नव्हतो. समजलं?' आणि मी — चहाच्या दुकानात त्या दिवशी माझे सर आलेच नाहीत.

रविवारी जेवायला गेलो. सरांचं पान वाढलेलं, आणि सर संतापलेले. म्हणाले, मी असं काही बोललेलो नाही, उद्या स्वतः जाऊन संपादकाला सांगतो, दुरुस्ती छापा म्हणून. मग माझ्याकडे वळले. 'तू असतोस ना रे कचेरीत? कुणी फोन घेतला, माहीत आहे?'

समोर बसून विचारलं. साधं, सरळ. काही चिडवणं नाही, संशय नाही.

मी म्हणालो, 'हे पेपरवाले काय सर, मनाला येईल ते छापतात.'

हेच ते. फोनवरचं नव्हे — हे. फोन पोरकटपणा होता म्हणा हवं तर. पण हे मी वरणात भात कालवता कालवता, त्यांच्याच घरात, माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो. वर त्या बिचाऱ्या बातमीदाराची मान पुढे केली, ज्याने ऐकलं तेच इमानाने लिहून घेतलं होतं. सर म्हणाले, 'असंच असेल.' विश्वास ठेवला त्यांनी.

तेवढ्यात दार वाजलं. नीलिमादीचे वडील. आत आले आणि सरांच्या पायाशी वाकायलाच लागले — सरांपेक्षा वयाने मोठा माणूस! सर उष्ट्या हाताने तसेच उठले, त्यांना धरता येईना, मागे सरता येईना. म्हातारा बंगालीत बोलत होता, डोळे पुसत होता. तुम्ही एवढं म्हणालात, आता काही प्रश्नच राहिला नाही, मी तिला सांगून टाकलं, जा.

सर तोंड उघडणार, हे मला दिसलं. आता सांगणार — हे मी म्हटलेलं नाही. आणि ते सांगितलं की संपलं. मुलगी बांबूच्या भिंतींआड राहणार. मी एक शब्द बोललो असतो तर — 'सर, मी केलं' — तर निदान दोष माझ्या अंगावर आला असता. बोललो? मी ताकाच्या वाटीत बघत बसलो.

बोलल्या त्या काकू. स्वयंपाकघराच्या दारातून, मराठीत, म्हणजे पाहुण्याला कळायला नको.

'खोटं आहे का हो ते?'

'मी बोललेलो नाही,' सर.

'बोलला नाहीत ते ठाऊक आहे मला. जन्मात कधी कुणाला काही बोललात? खोटं आहे का, ते विचारतेय मी.'

सरांच्या हातावरचं वरण वाळत चाललेलं. मग त्या म्हाताऱ्याला बंगालीत म्हणाले, 'तिकडे थंडी फार असते. लोकरीचं नीट द्या बरोबर.'

संपादकाकडे काही ते गेले नाहीत. नीलिमादी विलायतेला गेली. आता तिकडेच शिकवते, तळ्याऐवजी समुद्रात उतरते म्हणे. मध्यंतरी त्याच सदरात तिचा फोटो आला, या खेपेला चांगला हाताएवढा. म्हणजे माझ्या हातून पुण्यच घडलं, असं म्हणायचं का? छे. तिला सही-सलामत पोचवलं ते तिच्या अकलेने आणि काकूंच्या एका प्रश्नाने. मी चोरी केली होती. काय चोरलं ते मात्र मला हावडा स्टेशनात कळलं.

मुंबईची मेल, तिथून पुढे बोट. तिला पोचवायला सगळी वस्ती लोटली होती. मी वळकटी उचलायला गेलो होतो. आणि बघतो तर — सर! कुणाला पोचवायला कधी न जाणारे सर, काखेत छत्री, कोट घालून, खांबापाशी. गर्दी जरा ओसरली तसे पुढे झाले. तीनदा घसा खाकरला. वर छताकडे बघितलं. म्हणाले, 'नीलिमा, मला एक सांगायचंय —'

तिने वाकून नमस्कार केला. हसली. म्हणाली, 'माहीत आहे, सर. वाचलं मी. पाठ आहे.' आणि म्हणून दाखवलं. शिकवलं पुष्कळांना, विद्यार्थी मात्र एकच. असामान्य. तेजस्वी. माझं वाक्य — त्यांना!

सर म्हणाले, 'बरं.'

गाडी गेली.

परतीच्या ट्राममध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. पूल अर्धा झाला असेल. ते खाली नदीकडे बघत होते आणि ओठ हलत होते, आवाज नाही. मला नाही सहन झालं. सांगून टाकलं. फोन, तपन, वरणभात, सगळं.

नीलिमादीला हे अजून माहीत नाही. मी हे मराठीत लिहितोय आणि तिला मराठी येत नाही — तेव्हा भित्रेपणा पुरता गेलाय असं समजू नका.

सर एकदम असे कडाडले की सगळी ट्राम वळून बघायला लागली. कंडक्टरसुद्धा.

'गाढवा! असामान्य? तेजस्वी? दोन-दोन विशेषणं? मी अशी उधळपट्टी करीन? आणि वर त्या पेपरवाल्याचं नाव सांगतोस, माझ्या घरी जेवताना? उद्या त्याच्याकडे जायचं आणि तोंडावर सांगायचं, मी येतो बरोबर, बघतो कसा सांगत नाहीस. आणि एक ऐकून ठेव. मी तिला ते म्हणणारच नव्हतो. मी म्हणणार होतो ते निराळं होतं. किती दिवस जुळवत होतो मी. फार बरं होतं तुझ्यापेक्षा! ते तुला कधी कळणार नाही, मी सांगणार नाही. आज रात्री बसून तिला लिहिणार आहे. आणि पत्र पेटीत टाकायला मी स्वतः जाईन, तू नाही. ऊठ आता, तिकडे दुसऱ्या बाकावर जाऊन बस!'